घरात कोण आहे ते भिंतीला कळतं

संपादक साहेब, नमस्कार.

लेकीकडे ह्यूस्टनला दोन महिने राहून आलो, तिथं भिंतीवर तो स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे घरातलं टेंपरेचर आपोआप सांभाळणारं, इंटरनेटला जोडलेलं यंत्र, मी दुपारी जरा आडवा झालो की त्याला वाटायचं घरात कोणी नाही आणि एसी कमी करायचा, उकाड्यानं जाग यायची! गंमत सोडा, पण घर कधी रिकामं असतं हे त्याला कळतं म्हणजे कंपनीच्या सर्व्हरलाही कळतंच की. २०२१ च्या जूनमध्ये टेक्सासात वीज वाचवायच्या स्कीमला हो म्हणलेल्यांच्या घरातलं टेंपरेचर बाहेरूनच वाढवलं होतं, काहींना तर आपण कधी हो म्हणलो ह्याचा पत्ताच नव्हता. आता आपल्याकडे पण वायफायवाले एसी आलेत. जावईबापूंनी पासवर्ड बदलून टू-स्टेप (म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) लावलंय, आमच्या सोसायटीत मात्र निम्म्यांचा अजून १२३४५६७८ च आहे.

— एक वाचक, पुणे