दरडीची जागा पाहायची तर डिसेंबरनंतर

महोदय,

पावसाळा लागला, की इर्शाळवाडीची (ता. खालापूर) वाट विचारणारे भेटू लागतात. तळियेला (ता. महाड) जायचे म्हणणारेही असतात. जाऊच नये असे आमचे म्हणणे नाही, पण मोसम चुकतो. तळियेची दरड 22 जुलै 2021 ची, इर्शाळवाडीची 19 जुलै 2023 च्या रात्रीची. त्याच जुलैत तिथे हौसेने जायचे, हे काही आम्हाला पटत नाही.

सह्याद्रीत बेसॉल्टचे थर एकावर एक आडवे पसरले आहेत. वर माती आणि मुरूम, त्याखाली भेगाळलेला कातळ. भेगांतून उतरलेले पाणी खालच्या घट्ट किंवा चिकणमातीच्या थरावर अडते, मातीत दाब वाढतो आणि उतार पकड सोडतो. त्यामुळे आजचे आभाळ पाहून भागत नाही, मागच्या चार दिवसांत किती पाणी मुरले ते पाहावे लागते. हवामान खात्याच्या हिशेबात 24 तासांत 115.6 मि.मी.पासून पुढे अतिमुसळधार. तसा इशारा असेल तर बेत रद्द, आणि ऊन पडल्यावरही दोन-तीन दिवस थांबायचे.

‘एकदा कोसळली, आता डोंगर मोकळा झाला’ हा समज सर्वांत घातक. वर तुटलेला कडा उभा असतो आणि त्याच्या पायाचा आधार गेलेला असतो. खालच्या राड्यात धोंडे, बुंधे, घरांचे वासे आणि मधे पोकळ्या. वरचा पापुद्रा वाळून टणक दिसतो, आत मात्र चिखल. पाय टाकण्याआधी काठी टोचावी. ती हातभर सहज आत गेली तर तिथून मागे फिरावे. अशा पट्ट्यात एका वेळी एकच माणूस, आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून नजर वरच्या कड्यावर ठेवायची, मोबाइलवर नाही. जमिनीत नवी भेग, तिरकी झालेली झाडे, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, वरून खडे सुटल्याचा आवाज, यातले एक जरी दिसले-ऐकले तरी आडवे, म्हणजे दरडीच्या वाटेतून बाजूला पळावे. खाली पळणारा दरडीच्याच वाटेत सापडतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. माणशी तीन लिटर पाणी, शिट्टी, विजेरी हवीच. अडकल्यास मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. 112 आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 हे क्रमांक आधीच नोंदवावेत, पण रेंजच्या भरवशावर राहू नये. मदत लगेच येईल असेही धरू नये. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता आली नाहीत, माती हातांनी उपसावी लागली. मदतीला चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एकाचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

तिथे 27 मृतदेह मिळाले. 57 जण सापडले नाहीत आणि 23 जुलैला शोध थांबवला गेला. ते त्या राड्याखालीच आहेत. त्यावर चढून फोटो काढायचे नसतात, डबेही सोडायचे नसतात. कडेकडेने जावे. सुरक्षित वाटही तीच आहे.

आपल्या पुरवणीत भटकंतीच्या जागा येतात, तेव्हा अंतर आणि चढाईच्या वेळेसोबत कोणत्या महिन्यात जाऊ नये तेही छापावे, ही विनंती.

— रायगड जिल्ह्यातील काही गिर्यारोहक