संद्या, मुग्धाच्या एड लेटरबद्दल

प्रिय संद्या,

मुग्धाला ॲडमिशन मिळाली हे वाचून फार फार आनंद झाला, तिला आम्हा दोघांकडून अभिनंदन सांग आणि वहिनींनाही, कारण त्या पोरीच्या मागे चार वर्षं कोण बसलं होतं ते मला माहितीये. तू पाठवलेलं फायनान्शियल एडचं पत्र, म्हणजे खर्चाला कुठून किती पैसे मिळतील ते कॉलेज सांगतं ते, काल रात्री नीट वाचलं. फोनवर सांगितलं असतं पण आकडे आहेत, ते कागदावर समोर असलेले बरे, म्हणून हे सगळं लिहितोय, लांबेल जरा, पण एक मेच्या आत तुम्हाला कॉलेजला हो किंवा नाही कळवायचंय तेव्हा आत्ताच वाच.

तू लिहिलंयस की पत्रात खाली "शिल्लक रक्कम शून्य" आहे म्हणजे सगळं भागलं. नाही रे भागलं. वर वर्षाचा एकूण खर्च 44,000 डॉलर दाखवलाय आणि खाली त्याच्या समोर सगळं एका रांगेत मांडलंय, कॉलेजची ग्रँट 16,000, सबसिडाइज्ड लोन 3,500, अनसबसिडाइज्ड लोन 2,000, वर्क-स्टडी 2,500 आणि पॅरेंट प्लस लोन, म्हणजे आईबापांनी काढायचं सरकारी कर्ज, 20,000. बेरीज बरोब्बर 44,000 होते म्हणून शून्य. पण यातले फक्त पहिले 16,000 तुला कुणी देतंय. बाकीचं एकतर कर्ज आहे, नाहीतर मुग्धाने अजून न केलेल्या कामाचा पगार आहे. म्हणजे या कॉलेजची तुमच्यासाठीची खरी किंमत वर्षाला 28,000 आहे, आणि दुसऱ्या कॉलेजच्या पत्राशी तुलना करायची तर हाच आकडा काढून कर, खालचा शून्य नाही. आणि हे फक्त तुझ्याच पत्रात आहे असं समजू नकोस, अमेरिकन सरकारच्याच गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने नोव्हेंबर 2022 मध्ये रिपोर्ट काढला होता, त्यांचा अंदाज असा की 91 टक्के कॉलेजं नेट प्राइस, म्हणजे ग्रँट वजा जाता उरणारी खरी किंमत, एकतर सांगतच नाहीत किंवा आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. मी स्वतः एड ऑफिसात नोकरी करतो आणि तरी सांगतो, कर्ज आणि ग्रँट एका रांगेत लिहिणं मला अजिबात पटत नाही, आईबापांची झोप उडते त्यापायी.

आता वर्क-स्टडी, कारण मुग्धाने काम कशाला करायचं हा वहिनींचा प्रश्न त्याच्यावरच आहे. मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या काउंटरवर एक बाई आल्या, हातात एड लेटर आणि फीचं बिल, दोन्हीवर पेनने गोल केलेले, आणि विचारत होत्या की हे वर्क-स्टडीचे पैसे बिलातून वजा का नाही झाले. त्यांना खाली बसवून समजावलं की ते वजा होतच नाहीत. वर्क-स्टडी म्हणजे एवढ्या रकमेपर्यंत कमवायची परवानगी. मुलाने आधी काम शोधायचं, अर्ज करायचा, इंटरव्ह्यू द्यायचा, काम करायचं, तास भरायचे, सुपरवायझरने ते मंजूर करायचे, मग पगार, तोसुद्धा मुलाच्या हातात किंवा त्याच्या खात्यात, महिन्यातून निदान एकदा. काम मिळालं नाही किंवा केलं नाही तर ते 2,500 नुसते कागदावर राहतात. त्या बाईंनी त्याच भरवशावर पहिल्या सेमिस्टरच्या हप्त्याचा हिशोब केला होता, तुझंही तसं होऊ नये एवढ्यासाठी सांगतोय.

मुग्धाच्या पत्राचंच घे. 44,000 मध्ये पुस्तकं, प्रवास, किरकोळ खर्च धरलेत, जे कॉलेज तुझ्याकडून घेणार नाही. बिलावर येणार ते ट्युशन, फी, हॉस्टेल आणि जेवण, तुझ्या पत्रात ते 38,500 आहे. त्यातून ग्रँट 16,000 आणि मुग्धाची दोन लोन 5,500 वजा केलीस की उरतात 17,000, म्हणजे सेमिस्टरला 8,500, लोनची थोडी फी कापून जाते ती वेगळी. हे 8,500 ऑगस्टमध्ये लागणार, आणि तेव्हा वर्क-स्टडीचा एक डॉलरही आलेला नसणार. तिच्या पगारावर पुस्तकं, फोन, येण्याजाण्याची तिकिटं सोड, फी सोडू नकोस.

पण म्हणून काम करूच नको असं मात्र तिला सांगू नका. वहिनी म्हणाल्यात ना की आत्ता अभ्यासाचं वय, काम कशाला. मी हिशोब करून बघितला, समजा तिला तासाला साडेबारा डॉलर मिळाले तर 2,500 म्हणजे 200 तास, आणि दोन सेमिस्टर मिळून तीस आठवडे धरले तर आठवड्याला सात तासही होत नाहीत. एवढ्याने कुणाचा अभ्यास बुडत नाही, उलट मी बघितलेली बरीच पोरं यातूनच वेळेची शिस्त शिकतात. आठवड्याला वीसच्या वर तास गेले की मात्र मार्क घसरताना बघितलेत, तेव्हा बाहेर दुकानात रात्रीची शिफ्ट घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. कॅम्पसवरच्या कामात परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मागितली तर मिळते, तिथल्या सुपरवायझरला मिडटर्म म्हणजे काय ते माहीत असतं.

आणि वर्क-स्टडीचे दोन फायदे आहेत जे पत्रात कुणी लिहीत नाही. एक म्हणजे हा पगार पुढच्या फाफ्साच्या, म्हणजे एडसाठी दरवर्षी भरायच्या सरकारी फॉर्मच्या, हिशोबात तिच्या उत्पन्नातून वजा होतो. बाहेरच्या नोकरीतलं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर गेलं तर वरच्या भागातला निम्मा हिस्सा कॉलेजसाठी उपलब्ध आहे असं धरतात आणि एड तेवढी कमी होऊ शकते. दुसरं, ज्या कॉलेजात शिकतेय तिथेच निदान हाफ-टाइम शिकत असताना काम केलं तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा टॅक्स साधारणपणे कापला जात नाही, म्हणजे पगारातले साडेसात टक्क्यांच्या वर पैसे वाचले.

कुठलं काम घ्यावं यात ऑगस्टमध्ये जो पहिला तोच जिंकतो. जॉब पोर्टल उघडलं की त्याच दिवशी तिने अर्ज करावेत, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चांगली कामं संपलेली असतात. लायब्ररीचा सर्क्युलेशन डेस्क सगळ्यांना हवा असतो कारण रात्री निवांत असतं, बारकोड स्कॅन करायचा, परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर लावायची आणि मध्ये आपला अभ्यास. पण मुग्धाला बायोलॉजी करायचंय तर तिने लॅबमधलं काम मागावं, पहिल्या वर्षी काचेची भांडी धुवायला लावतील, लेबलं चिकटवायला लावतील, चालेल, दुसऱ्या वर्षी तीच प्रोफेसर तिला प्रयोगाला घेते आणि चौथ्या वर्षी शिफारसपत्र लिहिते. शाळेतल्या मुलांना वाचायला शिकवायची कामंही असतात, कॉलेजांना वर्क-स्टडीच्या पैशातला निदान 7 टक्के भाग समाजोपयोगी कामावर खर्च करावाच लागतो.

वहिनींना हेही सांग की यात कमीपणा काही नाही. आपण शाळेत कर्मवीर भाऊरावांचं "कमवा आणि शिका" वाचलंय, इथे अमेरिकेतही तेच आहे. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला लिंडन जॉन्सन टेक्ससमध्ये सॅन मार्कोसच्या कॉलेजात शिकताना झाडलोटीचं काम करायचा, नंतर कॉलेजच्या प्रेसिडेंटच्या ऑफिसात कामाला लागला. 1935 मध्ये रूझवेल्टच्या काळात नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशन निघालं, गरीब पोरांना कॉलेजातच काम देऊन शिकू द्यायचं, त्याचा टेक्ससचा प्रमुख हाच माणूस. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1964 च्या कायद्यात त्याने वर्क-स्टडी आणली आणि 8 नोव्हेंबर 1965 ला हायर एज्युकेशन ॲक्टवर सही करायला मुद्दाम त्याच आपल्या जुन्या कॉलेजात गेला. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात तर 1892 पासून ट्युशनच घेत नाहीत, त्याऐवजी प्रत्येकाने आठवड्याला निदान दहा तास काम करायचं. मला वाटतं सगळी कॉलेजं अशी असावीत. इथल्या सरकारी वर्क-स्टडीत एक अन्याय आहे तो असा की सरकारी पैसा वाटायचं सूत्र जुनं आहे, जुन्या कॉलेजांना आधीपासून मिळत आलेला वाटा तसाच राहतो आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात, जिथे गरज जास्त, तिथल्या पोरांना फारच थोडी कामं मिळतात. यावर दरवर्षी बोलणं होतं, बदल होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तू लगेच कर. फाफ्साने तुझं 2024 चं उत्पन्न धरलंय. तेव्हा तुझी नोकरी होती, जानेवारीत गेली, हे त्या फॉर्मला माहीतच नाही. त्याच्यासाठी प्रोफेशनल जजमेंट नावाची सोय कायद्यात आहे, एड ऑफिसर उत्पन्नाचा आकडा बदलून पुन्हा हिशोब करू शकतो. नोकरी जाणं, मोठा दवाखान्याचा खर्च, ही सगळी कारणं चालतात, आणि अशा सगळ्याच विनंत्या सरसकट नाकारायचं धोरण कॉलेजला ठेवताच येत नाही. लेऑफचं पत्र, शेवटची पे स्लिप, सेव्हरन्स, म्हणजे काढताना कंपनीने दिलेली रक्कम, किती मिळाला तो कागद, अनएम्प्लॉयमेंटचे, म्हणजे बेकारभत्त्याचे, कागद आणि यावर्षी घरात किती येईल याचा एक पानी हिशोब एवढं पाठव, सोबत दहा ओळींचं पत्र. रडगाणं नको, तारखा आणि आकडे दे. आकडा खूप खाली आला तर पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारी सरकारी ग्रँट, तीही लागू शकेल, ती जास्तीत जास्त वर्षाला 7,395 आहे आणि परत करायची नसते. संकोच करू नकोस रे, तुझा स्वभाव मला माहितीये. दुसऱ्या कुणाचा हक्क तू काढून घेत नाहीयेस. तुमचं ग्रीन कार्ड अडकलंय त्याची भीतीही काढून टाक, मुग्धा इथे जन्मली, ती सिटिझन आहे, तिच्या नावावरच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, एडला तिचंच स्टेटस बघतात, तुमचा व्हिसा नाही. पॅरेंट प्लसला मात्र आईबापांचं स्टेटसही बघतात.

म्हणून पॅरेंट प्लसचे 20,000 आत्ता हिशोबात धरू नकोस, कर्ज घेणारे आईबाप साधारणपणे सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असतील तरच ते मिळतं. ग्रीन कार्ड आलं तरी कॉलेजचं उत्तर येईपर्यंत ते घेऊ नकोस. त्यावर व्याज नऊ टक्क्यांच्या आसपास, वर चार टक्क्यांपेक्षा जास्त फी आधीच कापून घेतात, आणि ते कर्ज तुझ्या नावावर, मुग्धाच्या नाही. 1 जुलै 2026 पासून नवीन घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 अशी मर्यादा आलीय, म्हणजे दरवर्षी वीस घेतलेस तर चौथ्या वर्षाला फक्त पाच उरतात. पत्रात मर्यादेचा सगळा आकडा लिहिलाय म्हणजे सगळा घ्यायचा असं नसतं, पाच हवेत तर पाच घे. मुग्धाच्या दोन लोनमध्ये सबसिडाइज्ड आधी घ्या, शिकत असेपर्यंत त्याचं व्याज सरकार भरतं, दुसऱ्याचं पहिल्या दिवसापासून चढत जातं.

आपल्या मराठी मंडळाची स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेजला आधी विचार की ती आली की तुम्ही कमी काय करता, लोन कमी करता की तुमची ग्रँट. काही कॉलेजं आपलीच ग्रँट कापतात आणि मग त्या स्कॉलरशिपचा मुलीला काहीच उपयोग होत नाही. मेरीलँडने 2017 मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना असं करण्यावर बंधन आणणारा कायदा केला, सगळीकडे तसं नाही. उत्तर ईमेलवरच माग. आणि 16,000 ची ग्रँट चारही वर्षं मिळणार का, त्याला किती जीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड, लागतो, तेही त्याच मेलमध्ये विचारून घे.

तुझ्या भाच्याचं विचारलं होतंस, तो एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येतोय, त्याला फेडरल वर्क-स्टडी नाही, पण कॅम्पसवरचं साधं काम सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत करता येतं.

ते दहा ओळींचं पत्र तू लिही आणि पाठवायच्या आधी मला दाखव, आमच्या बाजूने कसं वाचलं जातं ते मी सांगतो. शनिवारी सकाळी मी घरीच आहे, मुग्धालाही फोनवर घे, पैसे तिच्या शिक्षणाचे आहेत, तिला सगळे आकडे कळू देत.

तुझा,
मिलिंद