भीती वाटते, हळहळ वाटत नाही

सोलापूर

प्रिय संतोष,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलंस, 'द थिंग' या बर्फात घडणाऱ्या इंग्रजी भयपटात रबर, लाल रंग आणि आरडाओरडा यांपलीकडे डोक्यावर घेण्यासारखं आहे तरी काय? फोनवर बोललो असतो तर वाद होऊन विषय तिथंच संपला असता, म्हणून सविस्तर लिहितो. इथं पारा ४३च्या वर आहे, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. अशाच एका दुपारी खिडक्या लावून भाच्याबरोबर पुन्हा तो बर्फ बघितला.

आधी तुझ्या रबराचं बघू. जॉन कारपेंटरनं हा सिनेमा केला १९८२ साली. माणसाची, कुत्र्याची हुबेहूब नक्कल करून त्यांची जागा घेणाऱ्या परग्रहावरच्या जीवाची ही गोष्ट. असले प्राणी संगणकावर करायची तेव्हा सोय नव्हती. रॉब बॉटिन नावाचा विशीतला पोरगा वर्षभराहून जास्त काळ रात्रंदिवस ते घडवत होता. कामाचा बोजा एवढा की कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्रसंग स्टॅन विन्स्टन या दुसऱ्या कारागिराकडं सोपवावा लागला, आणि बॉटिनला थकव्यामुळं इस्पितळात जावं लागलं. सिनेमातला डॉक्टर आपल्या सहकाऱ्याच्या, नॉरिसच्या, छातीला विजेचा झटका देतो, छाती जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरचे हात तोडून घेते, आठवतंय ना? त्या शॉटसाठी खरोखरच दोन्ही हात नसलेल्या माणसाला खोटे हात लावले होते. भाचा म्हणाला, "मामा, हे रबर आहे की!" आहेच. पण ते रबर त्या खोलीत आहे, त्याला वजन आहे, त्याच्यावर दिव्याचा उजेड पडतो आणि समोरचा नट खऱ्याच वस्तूकडं बघून मागं सरकतो. २०११ साली याच गोष्टीच्या आधीचा भाग आला. त्यासाठीही हातानं पुतळे बनवले होते, पण नंतर त्यांतल्या बहुतेकांवर संगणकाची चित्रं चढवली. तो बघताना माझी नजर कुठंच अडकली नाही.

तरी मला हा सिनेमा मोठा वाटतो तो प्राण्यांमुळं नव्हे. त्यातली भीती आहे ती शेजारी बसलेल्या माणसाची. अंटार्क्टिकातल्या तळावर बारा पुरुष, बाहेर जायला वाट नाही, आणि त्यांच्यातला कोणीतरी माणूस उरलेला नाही. तो कोण, हे प्रेक्षकालाही सांगत नाहीत. सुरुवातीला एक कुत्रं, म्हणजे खरं तर तो जीवच, कॉरिडॉरमधून सावकाश चालत एका खोलीत शिरतं. भिंतीवर माणसाची सावली दिसते, ती वळते आणि दृश्य संपतं. ती सावली कुणाची, हे काही केल्या ओळखू येत नाही. रक्त नाही, किंकाळी नाही, पण त्यानंतर प्रत्येक चेहऱ्याकडं आपण संशयानं बघायला लागतो.

आणि रक्ताची परीक्षा! त्या प्राण्याचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जीव वाचवायला बघणार, म्हणजे त्याचं रक्तसुद्धा तापलेल्या तारेपासून पळणार, असा मॅकरेडीचा, म्हणजे नायकाचा तर्क. जवळजवळ सगळ्यांना बांधलेलं, काचेच्या बशांत एकेकाचं रक्त, आणि तार बुडवली की नुसतं चुर्र. इथं भाचा रबराचं विसरला आणि मोबाईल उलटा ठेवून बसला. या प्रसंगात सगळ्यांत भयंकर काय आहे सांगू? थोड्या वेळापूर्वी मॅकरेडीनं ज्याला गोळी घातली, त्या क्लार्कचं, कुत्री सांभाळणाऱ्याचं, रक्त माणसाचंच निघतं. चाइल्ड्स नावाचा सहकारी तिथल्या तिथं त्याला खुनी म्हणतो. ज्याच्यावर आपण सिनेमाभर भरवसा ठेवला त्यानं निरपराध माणूस मारला, आणि तार पुढच्या बशीकडं जाते. माझ्या मते भयपटात एवढ्या धाकाचा प्रसंग दुसरा नाही.

संगीत एन्नियो मोरिकोनेचं. बराच वेळ दोनच ठोके पुन्हा पुन्हा. सोलापूरच्या पूर्व भागात रात्री लांबून यंत्रमागाचा ठेका येत असतो, आणि तो थांबला की मगच कळतं इतका वेळ तो कानात होता, तसं हे संगीत काम करतं. त्या वर्षी याच संगीताला सर्वांत वाईट म्हणून रॅझीचं, म्हणजे वाईट सिनेमांना थट्टेनं दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं. पुढं यातले न वापरलेले तुकडे 'द हेटफुल एट'मध्ये घेतले आणि त्या सिनेमाच्या संगीतासाठी मोरिकोनेला ऑस्कर मिळालं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या गावच्या माणसाला जास्त लागते. सुरुवातीलाच त्या कुत्र्याच्या मागावर आलेला एक नॉर्वेचा माणूस ओरडून सांगतो की हे कुत्रं नव्हे, लांब व्हा. पण तो सांगतो नॉर्वेजियनमध्ये. कुणालाच कळत नाही, त्यालाच गोळी घालतात आणि कुत्र्याला आत घेतात. आपल्याकडं एका गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू चालते, कुणाला ना कुणाला तरी समजलं असतं. अख्खा तळ जळाला तो या एका न कळलेल्या वाक्यापायी.

आता उणिवा. त्या आहेत आणि मला खुपतात.

किरकोळ आधी. तळावरच्या शास्त्रज्ञाच्या, ब्लेअरच्या, संगणकाला एवढं सगळं कळतं कसं? दोन ठिपके पडद्यावर सरकतात आणि सगळं जग २७,००० तासांत बाधित होईल असा आकडा येतो. गोष्ट पुढं ढकलायला वापरलेली ती सोय आहे. दुसरा शास्त्रज्ञ फुक्स म्हणतो की त्या जीवाचा एवढासा कणही पुरेल, प्रत्येकानं आपलं आपलं जेवण करावं, डब्यातलंच खावं. हा विचार किती भेदक आहे! पण पुढं तो सोडूनच दिलाय. रक्ताच्या परीक्षेत एकाच पात्यानं सगळ्यांचे अंगठे कापतात. शेवटचा अवाढव्य प्राणीही मला फसल्यासारखा वाटतो. जो कुठंही, कुणातही असू शकतो त्याला एका जागी उभा करून डायनामाइटनं उडवला की भीती ओसरते.

खरी उणीव वेगळी आहे. या बारा जणांना आपण ओळखतच नाही. एक वैमानिक, एक स्वयंपाकी, एक रेडिओवाला, अशी कामं कळतात, माणसं कळत नाहीत. फुक्स पडद्याबाहेर मरतो, फक्त जळालेलं शरीर सापडतं. स्वयंपाकी नॉल्स तर शेवटी एका बाजूला चालत जातो आणि पुन्हा दिसतच नाही. एखाद्याची जागा दुसऱ्यानं घेतली याचं दुःख व्हायला तो मूळचा माणूस आधी आपला व्हायला हवा ना? जागा घेतली गेलेल्या बेनिंग्जला जाळल्यावर तळाचा प्रमुख गॅरी म्हणतो, मी त्याला दहा वर्षं ओळखतो, तो माझा मित्र आहे. त्या एका वाक्यानं क्षणभर गलबलतं. अशी पाच-सहा वाक्यं अजून असती तर हा सिनेमा कुठल्या कुठं गेला असता.

क्लार्कचं मरण लागतं, त्याचंही कारण हेच. तो कुत्र्यांना कुरवाळताना, त्यांच्याशी बोलताना आपण पाहिलेला असतो. ज्याला मिनिटभर दिलं तेवढाच माणूस आपल्याला लागला.

कारपेंटरची बाजू मी जाणतो. माणसं जवळची केली असती तर खोटा कोण हे ओळखणं सोपं झालं असतं, असं त्याला वाटलं असेल. मला उलट वाटतं. ज्याच्या सवयी आपल्याला पाठ आहेत, ज्याच्यावर जीव आहे, त्याच्याबद्दल शंका यायला लागली तर ती जास्त छळेल. आई नेहमीसारखी हसली नाही, एवढ्यानं घरात पोटात गोळा येतो, तो अनोळखी माणसाबद्दल येत नाही.

तेव्हाच्या समीक्षकांनीही पात्रं कोरडी असल्याचं म्हटलं होतं, पण रक्तमांसाचा राग धरून त्यांनी अख्खा सिनेमाच फेकून दिला. दोनच आठवडे आधी 'ई. टी.' आला होता, लोकांना गोड परग्रहवासी हवा होता. तूही तेच करू नकोस, म्हणून एवढं लिहिलं.

पुन्हा बघशील तेव्हा एकटा बघ, आणि प्राणी सोडून माणसांच्या डोळ्यांकडं लक्ष ठेव. ज्याच्या रक्तानं परीक्षेत उडी मारली त्या पॅल्मरवर तुला पहिली शंका कधी आली आणि शेवटी परत येणारा चाइल्ड्स तुला कोण वाटतो, ते कारणासकट लिही. नुसतं 'रबर' लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

आईनं शेंगाची चटणी करून ठेवलीय, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीशैल