किल्लीवाल्या थ्रेडबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री फोनवर नुसतं "थँक्यू" म्हणून झोपायला गेलो, म्हणून आज नीट लिहितोय.

आमचे पायथॉनचे वर्कर (मागे राहून कामं करणाऱ्या प्रोसेस) अधूनमधून गप्प व्हायचे. एरर नाही, सीपीयू शून्य. मी तीन आठवडे क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवून, त्यांना रीस्टार्ट करत होतो (हे तुम्हाला तेव्हा सांगायची हिंमत झाली नव्हती). तुम्ही अडकलेल्या प्रोसेसला एसट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागतेय ते दाखवणारं साधन) लावायला सांगितलंत. एकच ओळ आली, फ्युटेक्सवर, म्हणजे लॉक सुटण्याची, वाट बघणारी, आणि तुम्ही लगेच विचारलंत, "फोर्क करण्याआधी थ्रेड कोण सुरू करतं रे?"

कॅश (हाताशी ठेवलेला डेटा) ताजी ठेवणारा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणारं काम, माझाच होता. तुम्ही म्हणालात, फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची, जणू घराची, हुबेहूब नक्कल, लावलेल्या कुलपासकट (कुलूप म्हणजे लॉक: एका वेळी एकाच थ्रेडला डेटाला हात लावू देणारं). पण नव्या घरात येतो फक्त फोर्क करणारा थ्रेड. किल्ली ज्याच्या खिशात, तो जुन्याच घरात राहतो. शिवाय माझा 'थ्रेड चालू आहे' हा फ्लॅगही (नोंदीची खूण) जसाच्या तसा चाइल्डमध्ये, म्हणजे नक्कल झालेल्या नव्या प्रोसेसमध्ये, उतरायचा. त्यामुळे ज्या वर्करचं कुलूप उघडं असायचं, तोही शिळीच कॅश वाचत बसायचा. हे तर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी शहाणपणाने चाइल्डमध्ये नवं कोरं लॉक बनवलं. खरे आभार तुम्ही तिथे मला अडवलंत त्याचे. लॉक नवं झालं, पण आतली कॅश अर्धवट लिहिलेली असेल तर? म्हणून रजिस्टर_ॲट_फोर्क (फोर्कच्या आधी आणि नंतर आपलं फंक्शन चालवायची पायथॉनची सोय) वापरून फोर्कच्या आधी लॉक घ्यायचं, नंतर पेरेंट आणि चाइल्ड दोघांनीही सोडायचं, आणि चाइल्डने फ्लॅग पुसून आपला थ्रेड नव्याने सुरू करायचा. आता किल्ली जिवंत थ्रेडच्याच हातात असते.

"हे ठिगळ आहे, मुळात थ्रेड आणि फोर्क एकत्र नांदवू नकोस," हेही ऐकलं. पायथॉन 3.12 पासून तशी वॉर्निंगच येते आणि 3.14 मध्ये लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगची डीफॉल्ट पद्धत फोर्कऐवजी फोर्कसर्व्हर (एक वेगळी साधी प्रोसेस आपल्यासाठी फोर्क करते) झाली. आम्हीही तिकडे वळतोय, सावकाश.

तोवर एक टेस्ट लिहून ठेवलीय: एक थ्रेड मुद्दाम थोडा वेळ लॉक धरून बसतो, मेन थ्रेड फोर्क करतो, आणि चाइल्डने 5 सेकंदांत काम संपवायचं. टेस्टचं नाव 'किल्लीवाला'. रिव्ह्यूमध्ये सगळे विचारतात, हा कोण?

तुमचा,
क्रॉनवाला