पाचवर केलेली खूण

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुनंदे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. माझी शुगर आटोक्यात, आईचा गुडघा दुखतोच. सात महिने तुला ‘नंतर करते’ म्हणत राहिले, त्याची आधी माफी मागते. पण आजचं तुलाच सांगायचंय. घरी सांगितलं तर ‘एवढंच ना’ म्हणतील.

सासवडकडचे एक आजोबा होते, वय ७४. न्हाणीत घसरून डोकं आपटलं, तेव्हा काहीच वाटलं नाही. दोन महिन्यांनी पाय ओढायला लागले. सीटीत मेंदूवर दोन्ही बाजूंना जुनं रक्त साचलेलं. बर होल केलं, म्हणजे कवटीला भोक पाडलं, गाडीच्या जुन्या ऑइलसारखं काळं रक्त निघालं. उरलेलं वाहून जायला दोन दिवस ड्रेनची नळी ठेवली. तिसऱ्या रात्री आजोबा चादरीचे दोरे उपसायला लागले आणि मला म्हणाले, “आक्का, म्हशीला पाणी दाखवलंस का?” डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, डॉक्टरांना उठवलं, पुन्हा सीटी केला. नवीन काही नाही. मग लॉकरमधल्या पिशवीत त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन सापडलं! तीन दिवस माणूस धड बघत नव्हता की ऐकत नव्हता. चष्मा पुसून घातला, मशीन लावलं, आजींना शेजारी बसवलं. दोन दिवसांत बडबड थांबली. चालत घरी गेले, जीसीएस, म्हणजे शुद्धीचा आकडा, पूर्ण १५.

जीसीएस म्हटलं की मला वॉर्डातल्या त्या पोरावरून झालेलं आपलं भांडण आठवतं. मी म्हणत होते, झोपू दे गं त्याला, आणि तू दर तासाला उठवत होतीस. तुला आगाऊ म्हटलं, दोन दिवस बोलले नाही. तू उठवलंस म्हणून डावी बाहुली मोठी झालेली कळली आणि तो पोरगा वेळेत ऑपरेशन थिएटरला गेला. त्या रात्री मेसच्या पाणचट आमटीला तू ‘आरएल’, म्हणजे सलाईन, म्हणालीस तरी मी हसले नव्हते. आता हसते.

तर तीन महिन्यांनी रुग्णाच्या घरी फोन करून, तो किती सावरला ते मोजणाऱ्या ग्लासगो मोजपट्टीच्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायची असते. १ म्हणजे मृत्यू, ५ म्हणजे चांगली सुधारणा. एका दुपारी चाळीस घरं. “चालतात? जेवतात? स्वतःचं स्वतः करतात?” आजी म्हणाल्या, हो. मी ५ वर खूण केली.

गुरुवारी ओपीडीत आजींनी पिशवीतून वही काढली. भजनी मंडळाचा जमाखर्च आजोबा तीस वर्षं लिहायचे. निळ्या शाईतले सरळ रकाने, आकड्याखाली आकडा. ऑपरेशननंतरच्या पानावर एकच नाव तीनदा, वाकडंतिकडं, आणि पुढे कोरं. आजी म्हणाल्या, “सगळं करतात हो, पण पेन हातात धरत नाहीत. मंडळात जात नाहीत.” सुनंदे, हे मी फोनवर विचारलंच नव्हतं.

इनचार्ज म्हणतात फॉर्म गेला, राहू दे. एका खुणेनं काय होतं? आमच्या सरांनीच वर्गात केंब्रिजचा २००९ चा अभ्यास शिकवला होता. २१५ रुग्ण. ड्रेन ठेवल्यावर पुन्हा रक्त साचण्याचं प्रमाण २४ टक्क्यांवरून ९ वर आलं, सहा महिन्यांतले मृत्यू १८ टक्क्यांवरून ९ वर. आपण आज ड्रेन ठेवतो तो त्या आकड्यांमुळे. तिथे कुणीतरी प्रत्येकाची नीट चौकशी केली म्हणूनच ना ते आकडे मिळाले! पुढच्या महिन्यात आमचे आकडे परिषदेत मांडले जाणार आहेत, आणि त्यात माझी ही खूण आहे.

याच मोजपट्टीची आठ पायऱ्यांची पद्धत आहे, १९९८ पासून तिचे ठरलेले प्रश्न आहेत. एकटे बाजारात जातात का, पूर्वीचं काम जमतं का, मित्रांत मिसळतात का. ते छापून घेतले आणि शनिवारी सुट्टी असून सहा घरी पुन्हा फोन केले. एक मुलगी म्हणाली, “आई हल्ली दार लावून बसते. सिस्टर, हे तुम्हाला सांगायचं असतं का?” तिच्या आईलाही मी ५ च दिले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुझ्या घराच्या वास्तुशांतीला येणं झालं नाही, राग धरू नकोस. सोनूला दहावीचं अभिनंदन सांग, साडी पाठवते. भाऊजींचं बीपी कसं आहे?

तुमच्याकडे फोन कोण करतं आणि काय विचारतं ते सविस्तर कळव, मला तो कागद हवाय. उद्या राऊंडआधी सरांपुढे दुरुस्ती ठेवणार आहे. आजोबांच्या नावापुढे ४ लिहिलंय, खाली माझी सही आणि तारीख.

तुझी,
मंगल