पारड्याखालचा गूळ

पंचवटी, नाशिक
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. तन्मय यास,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो आई, कळलं आई" म्हणतोस आणि विषय तिथेच बुडतो. म्हणून दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, हिशेबाच्या वहीतला कागद घेऊन बसले आहे.

परवा रात्री साडेबाराला आपल्या लिव्हरपूलचा सामना लावला. बाबा झोपले होते, आवाज अगदी बारीक ठेवला. तू नसताना मी एकटीने बघितलेला हा पहिलाच. आपला खेळाडू जोटा गेल्यानंतरचा लीगमधला पहिला सामना, म्हणून झोप येईना. बोर्नमथच्या सेमेन्योला प्रेक्षकांतलं कुणीतरी त्याच्या रंगावरून बोललं, त्याने जाऊन पंचांना सांगितलं, खेळ थांबला. आणि त्याच मुलाने पुढे दोन गोल केले. आपण ४-२ जिंकलो तरी मला ते दोन गोल आवडले. शेवटी आपला सलाह स्टँडसमोर उभा राहून डोळे पुसत होता, लोक जोटाचं गाणं म्हणत होते. मीही पदर डोळ्यांना लावला.

सकाळी तू ग्रुपवर लिहिलंस म्हणे, की असं बोलणाऱ्या माणसाला पुन्हा कधी मैदानात पाऊल टाकू देऊ नये. ऐकून बरं वाटलं. माझा मुलगा असंच लिहिणार.

मग काल संध्याकाळी साजिद दुकानात आला. अर्धा किलो साखर, चहापूड, एक साबण. एरवी आल्या आल्या बरणीतली एक शेंगदाण्याची चिक्की न विचारता उचलणारा मुलगा. काल उचलली नाही. मी विचारलं, "सामना बघितलास का?" "बघितला, काकू." "तन्मयशी बोललास?" त्याने काही न बोलता फोन उघडून काउंटरवर ठेवला आणि साखरेच्या पोत्याकडे बघत उभा राहिला. तक्रारीचा एक शब्द नाही.

मी सगळं वाचलं. वरपासून खालपर्यंत. सुलेमान अल-ओबेद गाझात मारला गेला, पॅलेस्टाइनच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला माणूस, त्यांचा 'पेले' म्हणत त्याला. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, श्रद्धांजली वाहिली, पण तो कसा गेला ते एका अक्षराने लिहिलं नाही. सलाहने तेवढंच विचारलं, कसा गेला, कुठे, आणि का. त्यावरून साजिदने लिहिलं की रशियाला फुटबॉलमधून चार दिवसांत बाहेर काढलं, मग इस्रायलला वेगळा न्याय का? तू लिहिलंस, "खेळात राजकारण आणू नका." त्याने पुन्हा विचारलं. मग तू लिहिलंस, "तिकडचा एवढा पुळका असेल तर तिकडेच जा."

हे वाक्य तू साजिदला लिहिलंस, तन्मय. सातवीत असताना तुमच्या दोघांत मिळून बुटांचा एकच जोड होता. पहिल्या हाफला त्याच्या पायात, दुसऱ्या हाफला तुझ्या.

तुझ्यावर ओरडायला हे पत्र लिहीत नाहीये. तू कुठे चुकलास ते मला स्वच्छ दिसतंय, कारण तीच चूक माझ्याही मनात आहे. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. त्या आठवड्यात तू लिहिलं होतंस की पाकिस्तानशी कुठलाच खेळ खेळायचा नाही. तेव्हा मीही मान हलवली होती. आजही मला तसंच वाटतं. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यासमोर नाणेफेक करून हसत हात मिळवायचे, हे मला सहन होत नाही. पण मग ते राजकारण नव्हतं का? आपल्या दुःखाच्या वेळी खेळ थांबायला हवा आणि साजिदला ज्यांचं दुःख होतंय त्यांच्या वेळी खेळात राजकारण नको, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मी तेरा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णा मला दुकानात बसवायचे. तेव्हा काटा हाताने धरायचा होता, दांडीचा. एका सकाळी मी एकटीनेच धंदा केला, तूरडाळ, शेंगदाणे, रवा. दुपारी जेवून आल्यावर अण्णांनी सवयीने रिकामा काटा उचलून धरला. मालाचं पारडं खाली गेलं. त्यांनी ते उलटं केलं, तर तळाला सुपारीएवढा गुळाचा खडा चिकटलेला, त्यावर दोन मुंग्या. मी रडायलाच लागले. म्हटलं, मी मुद्दाम नाही केलं. अण्णा म्हणाले, "मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? पण माल कमी गेला ना?" मग उधारीच्या वहीतून आणि माझ्या आठवणीतून त्यांनी नावं काढली, लहान लहान पुड्या बांधल्या, आणि संध्याकाळपर्यंत मी गल्लीगल्लीतून त्या वाटत फिरले. कुणी "अगं राहू दे" म्हटलं तरी परत आणायची नाही, अशी ताकीद होती.

आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, तरी सकाळी काही ठेवण्याआधी मी शून्य बघते. कुठल्याही देशाला पारड्यात घालण्याआधी तू ते शून्य बघावंस, एवढंच मला म्हणायचं आहे. बाकी वाद तू घाल, जोरात घाल.

आणि "खेळात राजकारण नको" हे लिव्हरपूलवाल्याने म्हणावं? मला हा क्लब तूच शिकवलास. हिल्सबरोच्या मैदानात चेंगरून गेलेली ९७ माणसं, आणि तो अन्याय कोर्टाच्या तोंडून वदवून घ्यायला घरच्यांना १९८९ पासून २०१६ उजाडलं, हे सांगताना तुझा आवाज कापत होता. मार्च १९९७ मध्ये रॉबी फाउलरने गोल करून जर्सी वर केली, आत गोदीतल्या काढून टाकलेल्या कामगारांसाठी लिहिलेला शर्ट होता, युएफाने त्याला दंड केला. तेव्हा तू दंड करणाऱ्यांच्या बाजूचा होतास की फाउलरच्या? न्यूकॅसल क्लब २०२१ पासून सौदी सरकारच्या निधीच्या ताब्यात आहे. मालक राजकारणासकट येतात तेव्हा दरवाजा सताड उघडा, आणि प्रेक्षक एक प्रश्न घेऊन आला की त्याला राजकारण बाहेर ठेवून ये म्हणायचं.

१९७४ ची डेव्हिस चषकाची गोष्ट बाबांनी तुला सांगितली आहे. अमृतराज बंधूंचा संघ अंतिम फेरीत होता, समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या सरकारशी खेळायचं नाही म्हणून भारताने सामनाच सोडला, चषक त्यांना गेला. मला त्या हातून गेलेल्या चषकाचा अभिमान वाटतो. ते राजकारण होतं, आणि चांगलं होतं.

साजिदचं सगळंच बरोबर होतं असं नाही, आणि ते मी त्याला काल तोंडावर सांगितलं. तू गेल्या वर्षी २७ जुलैला काही लिहिलं होतंस का, असं विचारलं. त्याला तारीख आठवेना. गोलन टेकड्यांवर मजदल शम्स गावात रॉकेट पडलं, थेट फुटबॉलच्या मैदानावर, खेळायला आलेली बारा मुलं गेली. लेबनॉनच्या हिजबुल्लाने आम्ही नाही म्हटलं, इस्रायल आणि अमेरिका म्हणतात त्यांनीच टाकलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने माणसं मारली, ओलीस नेली, त्या दिवशीही साजिद गप्प होता. मी म्हटलं, मुलांच्या पायातले बूट कुठल्या बाजूचे आहेत ते बघून रडायचं का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही काकू, ते चुकलंच." तुझ्याकडून मला हेच ऐकायचं आहे.

आता रशियाचं. ते मी नीट वाचून काढलं, कारण तुम्ही दोघंही अर्धवट सांगत होतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला. जागतिक फुटबॉल संघटनेने, फिफाने, २७ तारखेला आधी म्हटलं होतं की झेंडा नको, राष्ट्रगीत नको, वेगळ्या नावाने आणि तटस्थ मैदानावर खेळा. पोलंडचा सामना महिन्यावर होता. पोलंडने सांगितलं, आम्ही कुठल्याही नावाने त्यांच्याशी खेळणार नाही. स्वीडन आणि चेक संघांनीही तेच. मग २८ तारखेला बंदी आली. रशिया क्रीडा लवादाकडे गेला आणि जुलैमध्ये हरला. पण लवादाने काय म्हटलं ते बघ: या युद्धात खेळाडूंचा, संघांचा काही दोष नाही, तरी त्यांना झळ बसली हे खेदजनक आहे, पण सामने सुरक्षित आणि सुरळीत व्हायला हवेत. म्हणजे कुणी किती पाप केलं याचा हा निकालच नव्हता. समोरच्यांनी मैदानात उतरायला नकार दिला, म्हणून बंदी आली. मला ती बंदी तेव्हाही योग्य वाटली. पण मे २०२४ मध्ये पॅलेस्टाइनच्या फुटबॉल संघटनेने फिफाच्या बँकॉकच्या सभेत इस्रायलबद्दल तीच मागणी केली, तर कायदेशीर सल्ला, मग समित्या, आणि अजून काही नाही. ज्याच्याशी खेळायला मोठे शेजारी नकार देतात तो चार दिवसांत बाहेर, आणि ज्याच्याबद्दल दुबळा तक्रार करतो त्याचा कागद फिरतोय. साजिद हेच विचारत होता. देशाने काय केलं म्हणजे त्याचा संघ बाहेर जाईल, हे आधी लिहून ठेवा आणि मग सगळ्यांना लावा, मित्राला आणि वैऱ्यालाही. उद्या आपल्यावर वेळ आली तर आपल्यालाही.

आपल्यावर एकदा आलीच होती, कारण वेगळं असलं तरी. बरोबर तीन वर्षांपूर्वी, १५ ऑगस्टच्याच रात्री फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांचा हात नको म्हणून. गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. हॉटेलात बसून राहिल्या आणि न खेळता परत आल्या. निलंबन २६ तारखेला उठलं, पण त्यांची स्पर्धा गेली ती गेलीच. तेव्हा तू जेवला नव्हतास. त्यांनी काय केलं होतं, असं म्हणत होतास. रशियातल्या एखाद्या आईलाही असं विचारावंसं वाटलं असेल. बंदी कधीच नको असं मी म्हणत नाही. पण बंदी मागताना त्या मुली डोळ्यांसमोर असू देत.

लांबच्या देशांच्या भानगडीत आपण का पडायचं, असंही तू एके ठिकाणी लिहिलं आहेस. आत्याला विचार. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, तेव्हा दिंडोरीची द्राक्षं युरोपला आफ्रिकेला वळसा घालून गेली. भाडं वाढलं, दिवस वाढले, आणि काका रोज माल कसा पोहोचेल म्हणून जीव मुठीत धरून बसायचे. लांबचं काही राहिलेलं नाही, बाळा.

अण्णा तुम्हा दोघांना पोत्यांवर बसवून जकार्ताची गोष्ट सांगायचे, आठवते? १९६२. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला एशियाडला येऊ दिलं नाही, आपले क्रीडा पदाधिकारी सोंधी यांनी त्याला हरकत घेतली, आणि तिथले लोक आपल्यावर उलटले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात अख्खं मैदान आपल्या मुलांची हुर्यो उडवत होतं. तेवढ्या गर्दीत भारतासाठी ओरडणारे कोण, तर पाकिस्तानचे हॉकीपटू. पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला पट्टी बांधलेला जर्नैल सिंग, दोघांचे गोल, कोरियावर २-१. संघ घडवला होता प्रशिक्षक रहीमसाहेबांनी. अण्णा त्यांचं नाव घेताना कानाला हात लावायचे, आणि साजिद मागून गोल करणाऱ्यांची नावं ओरडायचा, कारण त्याला ती तुझ्याआधी पाठ झाली होती. अण्णा गेले तेव्हा तू पुण्याहून पोहोचेपर्यंत तोच बाबांच्या शेजारी उभा होता.

ग्रुपवर माफी मागू नकोस. तिथे पन्नास जण बघतात आणि माफीचाही सामना होतो. त्याला फोन कर. "ते वाक्य चुकलं" एवढं म्हण. इस्रायल, रशिया नंतर भांडा, मी चहा करून देईन.

२७ ला गणपती आहेत. तू शनिवारीच निघ. सोमवारी, २५ तारखेला रात्री साडेबाराला न्यूकॅसलशी सामना आहे. साजिदला मी बोलावलं आहे. "बघतो, काकू," म्हणाला. काल गडबडीत त्याचे सुटे सात रुपये काउंटरवरच राहिले. वहीत त्याच्या नावावर जमा करून ठेवले आहेत, आल्यावर तू दे. चिक्कीही ताजी आणून ठेवते.

तुझी,
आई