‘गृहीत धरले’ म्हणजे नेमके काय केले?

संपादक महोदय,

न्यायालयीन बातम्यांच्या मराठी अनुवादात ‘अझ्यूम’, ‘प्रिझ्यूम’ आणि ‘इन्फर’ या तिन्ही क्रियापदांसाठी सर्रास ‘गृहीत धरणे’ वापरले जाते. रोजच्या इंग्रजी बोलण्यात पहिल्या दोहोंची सरमिसळ खपून जाते. निकालाच्या बातमीत ती अर्थच फिरवते.

फरक आधाराचा आहे. ‘अझ्यूम’ला आधार लागत नाही. दोनाचे वर्गमूळ परिमेय आहे असे समजू, असे म्हणून गणिताचे शिक्षक सुरुवात करतात आणि फळा भरायच्या आत तेच खोटे पाडतात. ‘प्रिझ्यूम’मागे काही तरी आधार असतो आणि उलट सिद्ध होईपर्यंतच ते टिकते. १८७१ मध्ये आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकाठच्या उजीजी गावात, बेपत्ता संशोधक लिव्हिंगस्टनच्या शोधात आलेल्या पत्रकार स्टॅन्लीने ‘डॉक्टर लिव्हिंगस्टन, आय प्रिझ्यूम?’ असे विचारल्याचे प्रसिद्ध आहे. त्या गावात दुसरा गोरा माणूस भेटण्याची शक्यता नगण्य होती; म्हणून तिथे ‘प्रिझ्यूम’च शोभते. ‘इन्फर’ म्हणजे अनुमान. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे आपल्याकडे न्यायदर्शनातल्या तर्कशास्त्राने केव्हाच शिकवले आहे, तेव्हा नवा शब्द शोधायलाही नको.

धनादेश न वटल्याच्या खटल्यात घोटाळा सर्वांत जास्त होतो. आरोपीने सही मान्य केली, की परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१च्या कलम १३९ नुसार तो धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे न्यायालयाला मानावेच लागते. बातमीत येते, ‘न्यायालयाने कर्ज गृहीत धरले’. आता ‘घरात मला सगळे गृहीत धरतात’ ही तक्रार ज्या भाषेत रोज ऐकू येते, तिच्या वाचकाला यात बेफिकिरीच दिसणार. प्रत्यक्षात तो कायद्याचा हुकूम असतो आणि तो खोडताही येतो. धनादेशाच्याच खटल्यातल्या २०१० च्या रंगप्पा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपीला निःसंशय पुरावा द्यावा लागत नाही, त्याची बाजू अधिक संभवनीय दिसली तरी पुरते. स्वतः साक्षीला उभे राहण्याचीही सक्ती नाही. फिर्यादीच्या उलटतपासणीत ‘एवढी रक्कम आणली कुठून?’ या प्रश्नाला धड उत्तर आले नाही, तरी पारडे फिरू शकते.

साक्षीपुराव्याच्या कायद्यात तर पायऱ्याच आहेत. १८७२ च्या कायद्यात त्या कलम ४ मध्ये होत्या, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २ मध्ये आहेत. ‘मे प्रिझ्यूम’ म्हणजे मानता येईल. चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडला, तो चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा, हे त्यातले. ‘शॅल प्रिझ्यूम’ म्हणजे मानलेच पाहिजे, मात्र खोडता येईल. ‘कन्क्लूसिव्ह प्रूफ’ म्हणजे त्याविरुद्ध पुरावाच घेता येणार नाही. तिन्हींना ‘गृहीत’ म्हटले, तर आरोपीच्या हातात काय उरले, हे वाचकाला कळायचे कसे?

‘मानणे’ हा साधा शब्द इथे चालतो, सोबत ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ एकदा लिहिले की झाले. सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या माणसालाही कायदा मृत मानतो, पण तो कधी मेला हे मानत नाही. ती तारीख गरज पडल्यास वेगळी सिद्ध करावी लागते. विम्याचे दावे नेमके तिथेच अडतात, आणि मथळा असतो, ‘सात वर्षांपूर्वीच मृत्यू झाल्याचे गृहीत’.

– एक कायदेविषयक अनुवादक